बावन्न पानं आणि सदूचे टाके

गोदा शिवलकरच्या कादंबरीतला नायक अडीच महिने जिन्यात उभा होता. सतराव्या पानावर तो वरच्या मजल्यावर जायला निघाला, चौथ्या पायरीपर्यंत पोचला, आणि नेमकी कुकरची तिसरी शिट्टी झाली. गोदानं पानाचा कोपरा दुमडला. आठ दिवसांनी पुस्तक उघडलं तर नायक तिथेच, आणि दारात मासळीवाली. पुढच्या वेळी दारात कुरिअरवाला. वाचनालयातल्या बाईंनी मुदत तीनदा वाढवून दिली आणि शेवटी विचारलं, "गोदाताई, आवडलं नाही का पुस्तक?"

"आवडलंय हो," गोदा म्हणाली, "पण त्याला वर कोण पोचवणार?"

गोदाचं घर आमच्या आळीच्या अगदी मधोमध. मुलगी लग्न होऊन नाशकाला गेलेली. नवरा अनिल वीजमंडळातून निवृत्त झाल्यापासून घरीच असतो आणि दिवसातून चार वेळा चष्मा हरवतो. चष्मा चारही वेळा कपाळावर असतो. ते एक जाऊ दे, पण आळीचं काय करायचं? ओटीवर बसून आमसुलं वाळत घालणाऱ्या बाईला कोणी काही म्हणत नाही. तांदूळ निवडणारीलाही नाही. तीही बसलेलीच असते की. पण हातात पुस्तक दिसलं की रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण फाटकाशी थांबून विचारतो, "काय गो, बसल्येस वाटतं?" आणि बाई बसलेली सापडली की आळीला भराभर कामं आठवतात. जरा नारळवाल्याला थांबव. जरा आमच्या पोराकडे बघ. जरा हे विरजण चाखून सांग. छप्पन वर्षांची होईपर्यंत गोदानं अनेक चांगल्या पुस्तकांची पहिली सतरा पानं वाचली होती. त्या सतरा पानांवर तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

मग तीन वर्षांपूर्वी अनिलचं हर्नियाचं ऑपरेशन झालं.

दवाखान्याच्या पिशवीत थर्मास, टॉवेल आणि बिस्किटांच्या पुड्यासोबत ते पुस्तकही गेलं, ते खरं तर माश्या वारायला. ऑपरेशननंतर अनिल भुलीच्या गुंगीत घोरायला लागला. गोदानं पुस्तक उघडलं. नायक जिना चढून वर गेला. वर एक बंद खोली होती, तिच्या पुढे गच्ची, गच्चीवर एक बाई. गोदानं मान वर केली तेव्हा कोणीतरी तिच्यासमोर चहाचा कप धरला होता. उभ्या जन्मात तिच्यासमोर कोणी असा न मागता चहा धरला नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको म्हणाली, "घ्या हो. सकाळपासून बसून आहात."

बसून आहात, आणि तेही कौतुकानं.

गोदाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला तो तेव्हा. पेशंटच्या सोबतीला बसलेल्या बाईचं बसणं हेच काम. तिला कोणी उठवत नाही. तिला स्वयंपाक नाही, फाटक नाही, मासळीवाली नाही. घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर असूनही ती परगावी असते. तीन दिवसांत गोदानं ती कादंबरी संपवली, दुसरी मागवून निम्मी केली, आणि अनिलला घरी सोडलं तेव्हा तिचा चेहरा असा पडला की नर्स म्हणाली, "काळजी करू नका काकी, आता धोका नाही."

धोका नव्हता, तेच तर दुःख होतं.

त्यानंतर आळीत कोणी नुसतं खोकलं तरी गोदा फाटकाशी हजर. "दवाखान्यात न्यावं लागलं तर सांगा हां. मी बसते की." आमच्या आळीची तशी जुनी रीत आहे: घरची माणसं नोकरीधंद्याला जातात, मग पेशंटजवळ दिवसा शेजारी आळीपाळीनं बसतात. पूर्वी पाळ्या ठरवताना प्रत्येकाला काही ना काही अडचण निघायची. आता पाळ्या ठरवायचं कामच उरलं नाही. गोदाताई आहेत ना. किती जीव लावतात बाई दुसऱ्याला, असं बायका म्हणायला लागल्या. गोदा नम्रपणे खाली बघायची. खाली पिशवी असायची आणि पिशवीत पुस्तक.

गेल्या तीन वर्षांत तिनं काय काय वाचलं, असं कोणी विचारलं असतं तर तिनं पुस्तकांची नावं सांगितली नसती. तिला ती आजारांवरून आठवतात. दीपगृहाच्या रखवालदाराच्या आठवणी म्हणजे धोंडूची कावीळ. मिठागरातल्या तीन बहिणींची गोष्ट म्हणजे आनंदीबाईंचा गुडघा. एक खुनाची गोष्ट होती, त्यात शेवटपर्यंत सगळे जण वकिलावर संशय घेतात. तो सदूचा अपेंडिक्स. हळूहळू तिला अंदाजही यायला लागला. साधा ताप असेल तर कथासंग्रह पुरतो. हाड मोडलं असेल तर बेलाशक कादंबरी न्यावी. आनंदीबाई न्हाणीत घसरल्याचं कळलं तेव्हा गोदाच्या मनात पहिला विचार आला तो असा, की म्हणजे आता ते जाड पुस्तक घेता येईल. तिनं स्वतःच्या गालावर एक हलकी चापट मारली. मग वाचनालयात जाऊन ते जाड पुस्तक घेतलं.

सदूच्या वेळी तर कहरच झाला. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी घरी जा. गोदाच्या वकिलाला अजून अटकही झाली नव्हती. ती खुर्चीतून उठून म्हणाली, "डॉक्टर, घाई तर होत नाही ना? टाके ओले वाटतायत." सदूची बायको सानिका शेजारीच उभी होती. तिचे डोळे भरून आले. सख्खी सासूसुद्धा इतकं विचारत नाही, असं तिनं नंतर सगळ्या आळीला सांगितलं. डॉक्टरांनी सदूला एक दिवस जास्त ठेवला. वकील निर्दोष निघाला.

अशी सगळी घडी नीट बसलेली असताना गेल्या मे महिन्यात आप्पांनी फणस खाल्ला.

आप्पा नाचणकर म्हणजे आळीच्या टोकाचं घर. वय शहात्तर. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर आळीच्या चुका काढायला घेतल्या. बायको गेलेली, मुलगा रितेश मुंबईला. कोणीतरी म्हणालं की या वयात तुम्हाला अर्धा कापा फणस पचायचा नाही. आप्पांनी तो खाऊन दाखवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दवाखान्यात होते, हाताला सलाईन आणि खुर्चीत गोदा. पिशवीत चारशे ऐंशी पानांची कादंबरी.

त्या कादंबरीत एक बेट होतं. बेटावर पोस्ट, आणि पोस्टात एक पोस्टमास्तरीण. लोकांची पत्रं ती आधी स्वतः उघडून वाचायची, मग अक्षर हुबेहूब वठवून त्यातला दुःखाचा मजकूर बदलायची. बेटावरची माणसं सुखात होती आणि तिला देवी मानत होती. दोनशे अकराव्या पानावर मुख्य भूमीवरून एक इन्स्पेक्टर बोटीनं निघाला. बोट धक्क्याला लागली. इन्स्पेक्टरनं टोपी काढली. पोस्टमास्तरणीनं टपालाची पिशवी मागे लपवली.

"गोदे," आप्पा खाटेवरून अगदी शांतपणे म्हणाले, "तुझं ते पान झालं की या बाटलीकडे बघ. ती मघाशीच संपल्ये."

गोदानं वर पाहिलं. बाटली कोरडी होती आणि नळीत खालून बोटभर रक्त चढलं होतं. ती धावत जाऊन नर्सला घेऊन आली. नर्सनं नळी साफ केली, दुसरी बाटली लावली आणि गोदाकडे वळली. "काही झालेलं नाही. पण काकी, तुम्हाला इथे बसवलंय ते कशासाठी? बाटली बघायला की पुस्तक?"

नर्स गेली. गोदा खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. आप्पा तिच्याकडे बघत होते, चुकलेली बेरीज सापडल्यावर बघायचे तसे.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच म्हणतो, या बाईला दुसऱ्याच्या आजाराची एवढी हौस कसली."

"आप्पा, चुकलं माझं."

"ते दिसतंय. काय झालं होतं एवढं त्यात?"

"इन्स्पेक्टर आला."

"कुठे?"

"बेटावर."

"मग?"

"मग तेच बघत होते तर तुम्ही हाक मारलीत."

आप्पा उशीला टेकून नीट बसले. "मागचं थोडक्यात सांग," ते म्हणाले, "आणि पुढचं मोठ्यानं वाच. बाटलीवर मी लक्ष ठेवतो."

त्या दोन दिवसांत त्या खोलीत काय चाललं ते बाहेर कोणाला कळलं नाही. गोदा वाचायची आणि आप्पा इन्स्पेक्टरशी भांडायचे. "गाढव आहे हा. शिक्का बघ म्हणावं आधी, शिक्क्यावरची तारीख बघ." शेजारच्या खाटेवरचा पेशंटही कूस बदलून ऐकायला लागला. गोदाला वाटलं, आपण आजवर तोंडातल्या तोंडात वाचलं ते सगळं अळणी होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "आप्पा, छान आहे तब्येत. संध्याकाळी घरी."

पानं राहिली होती सत्तर. गोदा या वेळी गप्प बसली. तिनं कानाला खडा लावला होता. पण आप्पा कण्हले.

"अजून जरा कळ येते डॉक्टर."

"कुठे?"

आप्पांनी उजवीकडे हात ठेवला. आल्यापासून दुखत होतं ते डावीकडे. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली. आप्पांना सहा पेले पाणी पाजून बाकावर बसवण्यात आलं. सहा पेले पाणी पोटात धरून बसलेल्या माणसाला इन्स्पेक्टरचं पुढे काय झालं यात रस राहत नाही. तिथे दोन तास गेले, एक ओळ वाचून झाली नाही. सोनोग्राफीत काहीही निघालं नाही.

आप्पा आत असताना गोदाचा फोन वाजला. आळीच्या ग्रुपवर वेदिकाचा मेसेज होता. वेदिका ही कोपऱ्यावरच्या घरातली सून, बँकेत नोकरी करते, आणि आळीत काही ठरलं की ते छापील भाषेत जाहीर करते. "रविवारी सायंकाळी आप्पांच्या खळ्यात आपल्या लाडक्या गोदाताईंचा त्यांच्या निःस्वार्थ रुग्णसेवेबद्दल शाल व श्रीफळ देऊन सत्कार करण्यात येणार आहे. आप्पा चार शब्द बोलतील." खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

निःस्वार्थ हा शब्द गोदानं तीनदा वाचला. एवढा धसका तिला इन्स्पेक्टरच्या बोटीचाही बसला नव्हता.

आप्पा बाहेर आल्यावर तिनं फोन त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही काय बोलणार?"

"खरं ते बोलणार. माझ्या नळीत रक्त चढलं तेव्हा ही बाई बेटावर होती."

"आप्पा, हे कळलं तर मला परत कोण बोलावणार सोबतीला?"

"कोणीच नाही."

"मग मी वाचू कुठे?"

"ते गणितात येत नाही," आप्पा म्हणाले. संध्याकाळी घरी सोडेपर्यंत जेवढी पानं झाली तेवढी झाली.

रविवारपर्यंत गोदानं दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. गप्प राहावं तर अंगावर ती शाल चोरीची. बोलावं तर दवाखान्यातली ती खुर्ची कायमची गेली, आणि पुढचे सगळे नायक पुन्हा चौथ्या पायरीवर. अनिलला विचारलं तर तो म्हणाला, "शाल कुठल्या रंगाची आहे?" आणि चष्मा शोधायला गेला.

आप्पांच्या घरापुढचं खळं शेणानं सारवलेलं होतं, वर झावळांचा मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या. धोंडू आला होता, आनंदीबाई काठी टेकत आल्या होत्या, सदू आणि सानिका पहिल्या रांगेत. गोदाच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या हफीजाभाभी शेवयांच्या खिरीचं भांडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आप्पा उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला, गोदाकडे रोखून पाहिलं आणि सुरुवात केली.

"या बाईबद्दल मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे."

एवढ्यानंच गोदाचा धीर सुटला. दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपल्या तोंडानं बरं म्हणून ती उठली आणि एका दमात सगळं बोलून गेली. की मी सेवेला येत नाही, वाचायला येते. घरी मला सतरा पानांच्या पुढे जाता येत नाही. धोंडू, तुझी कावीळ मी दीपगृहावर काढली. आनंदीबाई, तुम्ही पडलात तेव्हा मला आधी पुस्तक आठवलं. आणि परवा आप्पांची बाटली संपली तीसुद्धा मला दिसली नाही. ती शाल मला घालू नका.

वेदिका शाल अर्धवट उलगडून उभी होती.

"म्हणजे काकी," सानिका हळूच म्हणाली, "यांचे टाके ओले नव्हते?"

"वाळले होते गो. बावन्न पानं राहिली होती."

सदूनं नकळत पोटाच्या उजव्या बाजूवर हात ठेवला.

"झालं तुझं?" आप्पा म्हणाले. ते अजून उभेच होते. "मला एवढंच सांगायचं होतं, की ही बाई माझी अकरा पानं शिल्लक ठेवून पुस्तक वाचनालयात परत करून आली. इन्स्पेक्टरनं पिशवी उघडली की नाही ते मला अजून माहीत नाही. बाकीचं मी दवाखान्यात म्हणालो खरा, पण इथे बोलणार नव्हतो."

गोदा मटकन खुर्चीत बसली. एवढी वर्षं गोष्टी वाचून, शेवटपर्यंत थांबायचं असतं एवढंही तिला कळू नये याचं तिला नवल वाटलं. वेदिकानं घडी मोडलेली शाल परत नेता येत नाही म्हणून ती तिच्या खांद्यावर टाकली. टाळ्या वाजल्या, पण पाऊस थांबल्यावर पन्हळीतून थेंब पडतात तशा, एक इथे, एक तिथे. खीर मात्र संपली.

पुढचे तीन आठवडे आळीनं गोदाला बोलावलं नाही. कोणी वाईट बोललं नाही, हे जास्त झोंबणारं होतं. वेदिकाच्या सासऱ्यांना ताप आला तर त्यांनी संगमेश्वरहून मेहुणीला आणलं. धोंडूचा हात मोडला. हात, म्हणजे हाड. गोदानं खिडकीतून त्याची रिक्षा जाताना पाहिली आणि मनातल्या मनात अंदाज केला, तीनशे पानं तरी सहज. मग ती ओटीवर पुस्तक घेऊन बसली. नवव्या पानावर अनिलचा चष्मा हरवला.

चौथ्या सोमवारी हफीजाभाभी मागच्या दारानं आल्या. त्यांचा मुलगा अस्लम शारजाला, सून नातवंडं तिकडेच, घरात त्या एकट्या. त्या पाटावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं.

"गोदावैनी, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू. गुरुवारी."

गोदाचा हात परातीतच थांबला. "सोबतीला कोण?"

"तेच इचारायला आले. तू येशील?"

"तुम्ही मांडवात होतात ना भाभी? ऐकलंत ना सगळं?"

"ऐकलं म्हणून तर आले. दुसरी कोन आली तर दिवसभर सुनांच्या कागाळ्या सांगंल. माझ्या डोक्याला ताप."

गोदाचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. मोतीबिंदूचं तिला माहीत होतं. "भाभी, पण मोतीबिंदूला हल्ली दोन तासांत घरी सोडतात." म्हणजे जेमतेम एक कथा, तीही लहान.

"दवाखान्यात नको गो. घरी. डोळ्याला पट्टी, वाकायचं नाय, चुलीजवळ जायचं नाय. अस्लमला फोनवर सांगितलंय, आठ दिवस मानूस लागतं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर तीन बोलला." भाभींनी डोळे मिचकावले, त्यातला एक तसाही कामाचा नव्हता. "पन एक अट आहे. मोठ्यानं वाचायचं. मी शिकले उर्दू शाळेत, तुमची ही पुस्तकं मला कोन दाखवनार? आप्पांना वाचून दाखवलंस, मला का नको? आनि डोळ्यात दर चार तासांनी थेंब घालायचे. घड्याळाचा गजर लावीन. थेंब चुकला की पुस्तक बंद."

गुरुवारी दुपारी गोदानं पिशवी भरली. थर्मास, टॉवेल, बिस्किटांचा पुडा. वाचनालयातून तिनं दोन पुस्तकं आणली होती, एक नवं आणि एक बेटावरचं, कारण आप्पा सकाळीच विचारून गेले होते की भाभींकडे ओटीवर एक खुर्ची जास्त आहे का. तिनं ठेवणीतली चप्पल घातली. अनिल पेपरवरून डोकावला.

"कुठे निघालीस?"

"परगावी."

"येणार कधी?"

"दोनशे ऐंशी पानांनी."

तिनं आपलं फाटक लावलं, बारा पावलं चालून शेजारचं उघडलं. भाभी पट्टी बांधून ओटीवरच्या खाटेवर बसल्या होत्या, उशाशी घड्याळ. आप्पा खुर्चीत, काठी गुडघ्यांमध्ये धरून. बाहेरून सदू चालला होता. तो फाटकाशी थांबला आणि सवयीनं म्हणाला, "काय काकी, बसल्येस वाटतं?"

"सोबतीला बसल्ये," गोदा म्हणाली.

"मग बस," सदू म्हणाला, आणि खरोखरच पुढे गेला.

गोदानं आधी अकरा पानं काढली. इन्स्पेक्टरनं पिशवी हातात घेतली. तिच्या गाठीला बोट लावलं. आप्पांनी श्वास रोखला. आणि मधल्या भिंतीवर पलीकडून तीनदा टकटक झाली.

"गोदा," अनिलचा आवाज आला, "माझा चष्मा बघितलास का?"

गोदा सवयीनं अर्धी उठली. हफीजाभाभींनी न बघताच तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "ती गावाला गेल्ये. कपाळावर बघा."

मग भिंतीतून आवाज आला, "सापडला."

"वाच," आप्पा म्हणाले.